एकच शस्त्रक्रिया, दोन न्याय

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी दुपारी आमच्या घाटकोपरच्या केंद्रावर मुलुंडहून एक बाई आल्या. सोबत पंचविशीतला मुलगा. बाईंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घड्या घातलेले कागद. असे कागद घेऊन येणाऱ्या बहुतेक जणी पोटगीसाठी नाहीतर घराच्या हक्कासाठी येतात. मी सवयीने विचारले, "कोर्टाची तारीख कधीची आहे?" बाई म्हणाल्या, "कोर्टाचं नाही ताई, मेडिक्लेमचं आहे."

हा मुलगा जन्माला आला तेव्हा दवाखान्याने कागदावर 'मुलगी' लिहिले होते. सहावी-सातवीपासून तो सांगत होता की मी मुलगी नाही. आईला ते पटायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत काय काय झाले ते बाईंनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. आता तो अंधेरीला एका खाजगी कंपनीत नोकरी करतो. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. लोकलच्या बायकांच्या डब्यातून बायका त्याला उतरवतात. पुरुषांच्या डब्यात चढायचे तर छाती दिसू नये म्हणून घट्ट पट्टा आवळून बांधावा लागतो. सकाळच्या गर्दीत त्या पट्ट्याने श्वास कोंडतो. दोनदा फलाटावर चक्कर येऊन पडला. पाळीचे चार दिवस तो कोणाशी बोलत नाही, धड जेवत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, हॉर्मोनचे डॉक्टर, सर्जन अशा सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्या पिशवीत होत्या. छातीची शस्त्रक्रिया आणि गर्भाशय काढणे, या दोन गोष्टी त्यांनी लिहून दिल्या होत्या.

बाई पोळीभाजी केंद्र चालवतात. सात वर्षे त्यांनी कुटुंबाच्या विम्याचा हप्ता एकदाही चुकवला नाही आणि एका रुपयाचाही क्लेम केला नाही. पण रुग्णालयाच्या विमा खिडकीवर कागद दिले तर दुसऱ्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले: वगळलेल्या उपचारांत मोडते, नामंजूर. मुलाच्या कंपनीचा सामूहिक विमा होता, त्यातही तेच कलम.

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, गर्भाशयाच्या कागदावर फायब्रॉइड असं लिहून घेतलं तर?" मुलगा लगेच म्हणाला, "नको मावशी. उद्या आईला काही झालं आणि त्यांनी हे शोधून काढलं तर तिचाही विमा रद्द करतील." हिशेब अगदी बरोबर होता. खोटी माहिती दिली तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते.

मी गप्प बसले, त्याला आणखी एक कारण होते. सहा वर्षांपूर्वी माझे गर्भाशय काढले. मला खरोखरच फायब्रॉइड होते. सकाळी कागद गेले आणि दुपारी तीनला मंजुरी आली. कोणी विचारले नाही की बाई, हे तुम्हाला कशाला हवे? शस्त्रक्रिया तीच, काढला जाणारा अवयव तोच. मला ज्याचे पैसे अर्ध्या दिवसात मिळाले, ते त्याला सात वर्षे हप्ते भरून मिळत नाहीत.

त्या रात्री मी माझी पॉलिसी कपाटातून काढली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांच्याकडे विमा आहे त्यांनी ही यादी एकदा जरूर वाचावी. कोणते उपचार वगळता येतात आणि ते कोणत्या शब्दांत लिहायचे, याचा नमुना विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिला. त्यात प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे. सातव्या क्रमांकावर 'लिंगबदलाचे उपचार': शरीराची लक्षणे विरुद्ध लिंगासारखी करण्यासाठी केलेला कोणताही उपचार, शस्त्रक्रियेसह. आठव्या क्रमांकावर सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया. मी आणखी खाली गेले. सतरावा क्रमांक: गर्भनिरोध, नसबंदी, वंध्यत्वावरचे उपचार. अठरावा क्रमांक: बाळंतपण, सिझेरियन आणि अवघड बाळंतपणसुद्धा, अपघाताशिवाय झालेला गर्भपात, आणि कायद्याने मान्य असलेला वैद्यकीय गर्भपात.

कोणी काही जादा हप्ता घेऊन बाळंतपण देतात, कोणी काही वर्षे थांबायला लावून देतात, ते वेगळे. पण मूळ यादी ही अशी आहे. या यादीमागचा विचार सरळ आहे. हृदय बंद पडले तर तो आजार. मूल होणे, न होणे, नको असणे, आणि आपण बाई आहोत की पुरुष हे शरीराला पटवणे, या साऱ्या त्या माणसाच्या 'आवडीनिवडी'. त्यांचा खर्च ज्याने त्याने करावा. बाळंतपणात मरणाच्या दारातून परत आलेल्या बाईला विचारा, ती आवड होती का! हा विचार आपण गेली चाळीस-पन्नास वर्षे ओळखतो. सातव्या क्रमांकावर जो माणूस उभा आहे तो आपल्याच रांगेत उभा आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

गर्भाशयाचा विषय निघाला म्हणून दोन जुन्या गोष्टी आठवतात. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीच्या वेळी त्यांची स्वच्छता राखणे कर्मचाऱ्यांना जड जाते. राज्यभरच्या स्त्री संघटनांनी तेव्हा आवाज उठवला. या अंकाच्या वाचक मैत्रिणींपैकी काही जणी त्या निदर्शनांत असतील.

दुसरी गोष्ट बीडची. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला 'कोयता' म्हणतात, आणि एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम दंड लावतो. पाळी, अंगावरून जाणे, पोटदुखी, सगळ्यांवर एकच इलाज सांगितला गेला, पिशवी काढून टाका. २०१९ साली राज्य सरकारने पाहणी केली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. बायकांनी उचल घेऊन, कर्ज काढून या शस्त्रक्रियांचे पैसे भरले.

त्याच बीड जिल्ह्यात ललित साळवे हे पोलीस शिपाई होते. महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. २०१७ साली त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी खात्याकडे महिनाभराची रजा मागितली. रजा नाकारली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथून त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितले गेले. बऱ्याच खटपटीनंतर सरकारने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. एकाच जिल्ह्यात हजारो बायकांची गर्भाशये कोणी काही न विचारता काढली गेली, आणि स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः निर्णय घेणाऱ्या एका माणसाला रजेसाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. जिने मागितले नाही तिला शस्त्रक्रिया, ज्याने मागितली त्याला नकार. प्रश्न शस्त्रक्रियेचा कधीच नव्हता. निर्णय कोणाच्या हातात, हा प्रश्न होता आणि आहे.

हा विषय मी आमच्या गटाच्या बैठकीत मांडला तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही प्रामाणिक होते, म्हणून तिन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप आमच्या भांडुपच्या एका कार्यकर्तीचा. ती म्हणाली, "आपल्या बायकांना बाळंतपणाचे पैसे मिळत नाहीत, आणि आधी यांच्यासाठी भांडायचं का?" आधी-नंतरचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. कामगार चळवळीने आपल्याला हेच सांगितले होते, आधी पगारवाढ, बायकांचे प्रश्न नंतर. तो 'नंतर' आपण मानला नाही. आणि इथे तर यादी एकच आहे. सातवा क्रमांक काढायचा तर कंपनीला सांगावे लागेल की माणसाला कशाची गरज आहे हे तुम्ही एकट्याने ठरवायचे नाही. तेच वाक्य अठराव्या क्रमांकालाही लागू पडते.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा. "बाई म्हणजे तिचे शरीर नव्हे, असे आपण आयुष्यभर सांगत आलो. मग छाती काढल्याशिवाय पुरुष होता येत नाही, हे आपण का मान्य करायचे?" मी हे मान्य करत नाहीच. सर्वोच्च न्यायालयानेही १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात ते अमान्य केले. ज्याचे लिंग त्याने स्वतः सांगायचे, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणे अनैतिक आणि बेकायदा आहे, असे न्यायालयाने म्हटले. अनेक ट्रान्स माणसे शस्त्रक्रिया करत नाहीत आणि तेही तितकेच पुरते पुरुष, पुरत्या स्त्रिया असतात. पण सक्ती नको याचा अर्थ ज्याला हवी त्याला मिळू नये असा कसा होईल? गर्भपाताची सक्ती आपल्याला नको आणि गर्भपाताचा हक्क आपल्याला हवा, या दोन्ही गोष्टी आपण एका दमात बोलतोच ना!

शब्दाबद्दलही त्या मुलाने मला सांगितले. "मावशी, लिंगबदल म्हणू नका. मी काही बदलत नाहीये. मी जो आहे त्याला शरीर जुळवून घेतोय." म्हणून आता 'लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रिया' असा शब्द वापरतात. तोंडात बसायला वेळ लागतो खरा. 'बलात्कारित' ऐवजी 'अत्याचारग्रस्त' म्हणायलाही आपल्याला वेळ लागलाच होता.

तिसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या मनातला. विमा हा काही आपला मार्ग नव्हे. आपण सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांसाठी लढणाऱ्या. विम्याच्या पैशाने काय होते ते छत्तीसगडमध्ये दिसले. २०१२ साली तिथे सरकारी विम्याचे पैसे मिळवण्यासाठी खाजगी रुग्णालयांनी गरज नसलेल्या बायकांची गर्भाशये काढल्याचे उघडकीला आले. म्हणून विम्याची मागणी करताना डोळे उघडे ठेवावे लागतील. शस्त्रक्रियेआधी नीट समुपदेशन, समजेल अशा भाषेत माहिती, लेखी संमती, पुढच्या काही वर्षांची तपासणी, आणि पैसे कुठे गेले याचा जाहीर हिशेब, एवढ्या अटी मागणीतच हव्यात. सेंट जॉर्जमध्ये हे काम होऊ शकले, गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली तृतीयपंथीयांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला, म्हणजे सरकारी व्यवस्थेला हे अशक्य नाही. ते उपनगरातल्या रुग्णालयांपर्यंत यावे, राजावाडीत, कूपरमध्ये निदान हॉर्मोनचा सल्ला आणि तपासण्या मिळाव्यात, ही मागणी आपण करूच. पण ते होईपर्यंत हप्ता भरणाऱ्या माणसाला तुझा आजार आमच्या यादीत माणसाचा आजार नाही असे सांगितले जात असेल, तर त्या अपमानाविरुद्ध बोलायला थांबायचे कशाला?

आता कायद्याचे पाहू. २०१९ साली संसदेने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्या कायद्यावर ट्रान्स संघटनांनी पुष्कळ टीका केली आणि ती रास्त होती. पण त्यातल्या पंधराव्या कलमात सरकारने स्वतःवर एक जबाबदारी घेतली. लिंगबदल शस्त्रक्रिया, हॉर्मोनचे उपचार, लेझर उपचार यांचा खर्च भागवणारी सर्वसमावेशक विमा योजना करू, असे तिथे लिहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राचे सामाजिक न्याय खाते आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांचा करार झाला. ट्रान्सजेंडर ओळखपत्र असलेल्या व्यक्तीला आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, त्यात या शस्त्रक्रियाही, असे जाहीर झाले. घोषणा चांगली आहे. पण घोषणा हातात घेऊन रुग्णालयाच्या दारात उभे राहिले म्हणजे रुग्णालय दार उघडतेच असे नाही. योजनेत सामील असलेले रुग्णालय हवे, तिथे ही शस्त्रक्रिया येणारा सर्जन हवा, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाची चेष्टा न करणारा कारकून हवा.

आणि कायद्यातली गंमत पाहा. त्याच २०१९ च्या कायद्याच्या सातव्या कलमात म्हटले होते की कागदावर 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचे वैद्यकीय अधीक्षकाचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांना दाखवा. म्हणजे सरकार म्हणते, शस्त्रक्रिया केल्याशिवाय तू पुरुष नाहीस. विमा कंपनी म्हणते, ही शस्त्रक्रिया तुझी हौस आहे. मुलुंडचा मुलगा या दोन खिडक्यांच्या मध्ये उभा आहे.

यादी काही ब्रह्मदेवाने लिहिलेली नाही, ती बदलते. मानसिक आजार विमा कंपन्या सर्रास वगळत असत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले की शरीराच्या आजाराला जो विमा तोच मनाच्या आजाराला द्यावा लागेल. २०१९ च्या ज्या नमुन्यात हा सातवा क्रमांक आहे, त्याच नमुन्यात पाळी सुरू होण्याच्या आणि जाण्याच्या काळातल्या तक्रारी इथून पुढे वगळता येणार नाहीत, असेही लिहिले गेले. म्हणजे आपल्या शरीराबद्दलची एक ओळ त्या यादीतून खोडली गेली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली मान्य केलेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात हा विषय मनोविकारांतून काढून लैंगिक आरोग्यात घातला आणि उपचारांची वाट मोकळी ठेवली. हे लक्षात घ्या, सातवा क्रमांक घातलाच पाहिजे अशी कंपन्यांवर सक्ती नाही. वगळायचे असेल तर कोणत्या शब्दांत वगळायचे एवढेच त्या नमुन्यात आहे. काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या नोकरांच्या सामूहिक विम्यातून हे कलम काढायला लावले, तेव्हा विमा कंपन्यांनी ते काढून दिले.

इथे आपल्या हातात काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी आहेत, आणि तिन्ही उद्यापासून करता येतील.

एक. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कंपनीच्या अंतर्गत समितीत स्वयंसेवी संस्थेची बाहेरची सदस्य असावी लागते. आपल्यापैकी कितीतरी जणी अंधेरी, पवई, गोरेगावच्या कंपन्यांत अशा सदस्य आहेत. सामूहिक विम्याचे नूतनीकरण दरवर्षी होते. त्याच्या महिनाभर आधी त्या कंपनीच्या अधिकाऱ्याला लेखी विचारा: तुमच्या विम्यात सातवा क्रमांक आहे का, बाळंतपण पहिल्या दिवसापासून आहे का? एवढा प्रश्नही पुष्कळ ठिकाणी पहिल्यांदाच विचारला जाईल.

दोन. नकार तोंडी घेऊ नका. लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. उत्तर समाधानकारक नसेल किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईच्या लोकपालाचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही. लोकपाल पॉलिसीच्या शब्दांवर बोट ठेवून अर्ज फेटाळतील, ही शक्यता मोठी आहे. तरी अर्ज करावा. फेटाळलेला अर्जही नोंद म्हणून राहतो, आणि उद्या कोणी न्यायालयात गेले तर हा प्रश्न काल्पनिक नाही हे त्या कागदांवरूनच दाखवावे लागेल.

तीन. ज्यांना सरकारी योजनेतून उपचार घ्यायचे आहेत त्यांच्याबरोबर जा. वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर एकट्या माणसाला जे उत्तर मिळते ते सोबत दोन कार्यकर्त्या असल्या की बदलते. कौटुंबिक अत्याचाराच्या केसमध्ये पोलीस ठाण्यात आपण हेच करतो. मालवणीत सखी चारचौघी, सांताक्रूझला हमसफर ट्रस्ट ही कामे वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. १९९५ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे लेबिया म्हणून ओळखली गेलेली स्त्री संगम तर आपल्या चळवळीतलीच. त्यांच्याकडून शिकून घ्यायला आपण कमीपणा मानू नये.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. आईने दोन बांगड्या गहाण ठेवल्या, उरलेले पैसे पतपेढीतून काढले. छातीची शस्त्रक्रिया झाली. आता तो पट्ट्याशिवाय, सैल शर्ट घालून घाटकोपरला गाडी बदलतो. गर्भाशयासाठी पैसे उरले नाहीत. विम्याचा हप्ता मात्र बाईंनी याही वर्षी वेळेवर भरला. मी विचारले, "आता कशाला भरता?" तर म्हणाल्या, "सोडलं तर सात वर्षांचं वाया जाईल. आणि कधीतरी यादी बदलेल की."

त्यांचा हा विश्वास खरा ठरवायचा असेल तर पुढच्या तिमाही बैठकीला प्रत्येकीने आपली किंवा आपल्या केंद्रावर येणाऱ्या एखाद्या बाईची पॉलिसी घेऊन यावे. यादी सगळ्यांनी मिळून वाचू, आणि नियामक प्राधिकरणाला एकच पत्र लिहू. त्यात सातवा, सतरावा आणि अठरावा, तिन्ही क्रमांक एकत्र असतील.